म्योल्डर्सचं पत्र: बनावट पुराव्याचं करायचं काय?

जानेवारी 1942 मध्ये जर्मनीतल्या कॅथलिक लोकांमध्ये एक पत्र हातोहात फिरायला लागलं. कुठे टाइप केलेली प्रत, कुठे हाताने उतरवून काढलेली. लिहिणाऱ्याचं नाव वेर्नर म्योल्डर्स. त्या वेळचा जर्मनीचा सगळ्यात गाजलेला लढाऊ वैमानिक, दोनच महिन्यांपूर्वी अपघातात गेलेला. पत्र श्टेटिन शहरातल्या एका कॅथलिक धर्मगुरूला उद्देशून होतं आणि त्यातला सूर असा, की या माणसाला शेवटी सत्तेपेक्षा आपली श्रद्धा जवळची वाटत होती. काही पाद्र्यांनी ते चर्चमध्ये वाचून दाखवलं. गेस्टापोने वाटणाऱ्यांना पकडलं.

पत्र बनावट होतं. ते इंग्लंडमध्ये तयार झालं होतं.

रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरसाठी आपण सगळेच 'प्राथमिक साधन' आणि 'दुय्यम साधन' यांच्या व्याख्या पाठ करतो. मी स्वतः सायन्सची, त्यामुळे साधन म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी इन्स्ट्रुमेंट येतं आणि मग त्याचं कॅलिब्रेशन. इतिहासातही कॅलिब्रेशन असतंच, फक्त ते माणसांचं करावं लागतं. म्योल्डर्सची कारकीर्द त्यासाठी फार सोयीची आहे, कारण त्याच्याबद्दल जे जे सांगितलं जातं, त्यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीमागे ती सांगण्यात रस असलेलं कुणीतरी उभं आहे.

आधी माणूस बघू. जन्म 18 मार्च 1913, गेल्सेनकिर्शेनचा. वडील शिक्षक; पहिल्या महायुद्धात 1915 मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर मारले गेले, तेव्हा हा दोन वर्षांचाही नव्हता. आईने मुलांना घेऊन ब्रांडेनबुर्ग गाठलं. भाग प्रॉटेस्टंटांचा, घर कट्टर कॅथलिक. मुलगा कॅथलिक युवक संघटनेत वाढला आणि 1931 मध्ये सैन्यात गेला. विमानदलासाठी पहिल्या वैद्यकीय तपासणीत त्याला अपात्र ठरवलं. पुढे संधी मिळाली तर हवेत चक्कर आणि उलट्या. तरी त्याने हट्टाने शिक्षण पुरं केलं.

एप्रिल 1938 मध्ये तो स्पेनला पोचला. तिथल्या यादवी युद्धात फ्रँकोच्या बाजूने हिटलरने 'लेजिओन कोंडोर' नावाची तुकडी पाठवली होती, आणि जर्मन सरकार तेव्हा ती पाठवल्याचं कबूलही करत नव्हतं. मे महिन्यात म्योल्डर्सने आडोल्फ गालांडकडून एका स्क्वाड्रनची सूत्रं घेतली. डिसेंबरपर्यंत त्याच्या नावावर 14 विमानं लागली. एक तारीख इथेच लक्षात ठेवा: गेर्निकावरची कुप्रसिद्ध बॉम्बफेक 26 एप्रिल 1937 ची, म्हणजे हा तिथे पोचण्याच्या जवळपास वर्षभर आधीची. पुढे हे लागणार आहे.

स्पेनमधून त्याने आणलेली गोष्ट म्हणजे चार विमानांची रचना. हाताची चार बोटं सैल पसरून टेबलावर ठेवा. बोटांची टोकं जिथे येतात तिथे चार विमानं. त्या काळी बहुतेक हवाई दलं तीन विमानांच्या घट्ट त्रिकोणात उडत. त्यात मागच्या दोघांची नजर पुढच्याला धडकू नये म्हणून त्याच्यावरच खिळलेली. आकाश पाहणारा एकटा पुढचा. शिवाय वळताना बाहेरच्या विमानाला मोठ्या त्रिज्येचा मार्ग कापावा लागे, तोही तेवढ्याच वेळात. तो मागे पडायचा किंवा इंजिनाची ओढाताण करायचा. नव्या रचनेत दोन-दोनच्या जोड्या, दोघांमध्ये साधारण दोनशे मीटर अंतर, आणि प्रत्येकाने दुसऱ्याची मागची बाजू सांभाळायची. वळताना विमानं एकमेकांच्या वरखालून बाजू बदलत, म्हणजे आतला बाहेर आणि बाहेरचा आत. सगळ्यांच्या मार्गाची लांबी जवळपास सारखी. भूमितीचा एवढा सरळ प्रश्न इतक्या हवाई दलांना इतकी वर्षं सुटला नव्हता, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. ब्रिटिशांनी ही रचना 1941 मध्ये उचलली.

पुष्कळ पुस्तकांत म्योल्डर्स 'या रचनेचा जनक' आहे. हे जरा सावधपणे घ्यायला हवं. जोडीने उडण्याची सवय स्पेनमधल्या जर्मन वैमानिकांना त्याच्या आधीच लागली होती, कारण विमानंच कमी होती. फिनलंडच्या हवाई दलाने तीसच्या दशकात स्वतंत्रपणे असंच काहीसं बसवलं होतं. त्याने काय केलं, तर हातात असलेली सवय पद्धतीत बसवली, लिहून काढली आणि इतरांना शिकवली. प्रयोगशाळेत काम केलेल्यांना कळेल की हे काम शोधापेक्षा कमी नसतं, पण तो शोध नव्हे.

दुसऱ्या महायुद्धातली चढण वेगाची आहे. 20 विमानं पाडल्यावर मे 1940 मध्ये नाइट्स क्रॉस, लढाऊ वैमानिकांतला पहिलाच. 5 जूनला मात्र कॉम्पिएन्यच्या परिसरात रने पोमिये-लेरार्ग या तरुण फ्रेंच वैमानिकाने त्याला पाडलं आणि तो कैदी झाला. पोमिये-लेरार्ग त्याच दिवशी दुसऱ्या झुंजीत मारला गेला. फ्रान्स शरण आल्यावर म्योल्डर्स सुटला आणि 27 जुलैला त्याला यागडगेश्वाडर 51 चा कमोडोर, म्हणजे लढाऊ विमानांच्या एका आख्ख्या दलाचा प्रमुख केलं. दुसऱ्याच दिवशी इंग्लंडवर तो पायात गोळ्या लागून परतला. वय सत्तावीस. तरी हाताखालची पोरं त्याला 'फाटी' म्हणत, म्हणजे बाबा. (जर्मनमध्ये आद्य व्ही बहुधा 'फ' होतो; इंग्रजी वळणाने वाचाल तर 'वाटी' होईल.) पुढचा पायलट नवखा असला तर त्याला विमानापर्यंत कसं न्यायचं, हे तो धीराने शिकवायचा. कमोडोर म्हणून त्याचं नाव झालं ते यासाठीही.

जून 1941 मध्ये सोव्हिएत संघावर हल्ला झाला आणि आकडा झपाट्याने वाढला. रिश्टहोफेनचा पहिल्या महायुद्धातला 80 चा आकडा ओलांडला. 15 जुलैला शंभर पार, जगातला पहिला. हिटलरने त्याच्यासाठी नाइट्स क्रॉसची हिऱ्यांची श्रेणी दिली, तीही पहिलीच, आणि त्याला लढाईत उडायला बंदी घातली. मेलेला नायक परवडणारा नव्हता. ऑगस्टमध्ये तो अठ्ठाविसाव्या वर्षी कर्नलच्या हुद्द्यावर सगळ्या लढाऊ वैमानिकांचा निरीक्षक झाला.

आता आकड्याबद्दल. स्पेनचे 14 आणि नंतरचे 101, एकूण 115. मोजमाप म्हणून हा आकडा कसला आहे? हा 'पडलेली विमानं' हा आकडा नाही. 'पडल्याचा दावा केला आणि तो वरिष्ठांनी मान्य केला' असा आहे. जर्मन पद्धतीत साक्षीदार लागे, कागदपत्रं मंत्रालयापर्यंत जात, म्हणजे चाळणी होती. पण सहाशे किलोमीटरच्या वेगात, धुरात, एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या असताना चाळणीलाही मर्यादा आहेत. आणि हा एकट्या जर्मनांचा दोष नाही. 15 सप्टेंबर 1940 या एका दिवशी ब्रिटनने 185 जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं होतं. युद्धानंतर जर्मनांची नुकसानीची कागदपत्रं पाहिल्यावर आकडा साठच्या आसपास आला. तिप्पट फरक! म्हणून इतिहासकार दाव्यांची नोंद समोरच्या पक्षाच्या नुकसानीच्या नोंदीशी ताडून बघतात. दोन वेगळ्या हेतूंनी ठेवलेल्या नोंदी. स्वतःचं नुकसान फुगवून लिहिण्यात कुणाचा फायदा नसतो, उलट नवीन विमान मागायचं तर ते नीट लिहावंच लागतं.

17 नोव्हेंबर 1941 ला विमानदलाचा मोठा अधिकारी एर्न्स्ट उडेट याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. सरकारने जाहीर केलं, नव्या शस्त्राची चाचणी घेताना अपघाती मृत्यू. त्याच्या अंत्यविधीसाठी क्रिमियाहून बर्लिनला येताना, 22 नोव्हेंबरला, म्योल्डर्स प्रवासी म्हणून बसलेलं हाइंकेल 111 ब्रेस्लाऊला खराब हवामानात इंजिन बंद पडून कोसळलं. म्हणजे पाच दिवसांत दोन नायक गेले, आणि दोघांनाही 'अपघात'. पहिला खोटा, दुसरा खरा.

सेफ्टन डेल्मर नावाचा माणूस या फटीची वाटच बघत होता. हा बर्लिनमध्ये वाढलेला ब्रिटिश पत्रकार, युद्धात ब्रिटनच्या गुप्त प्रचाराचं काम करणारा. जर्मनीतूनच बोलतंय असं भासवणारं एक बनावट रेडिओ केंद्र तो चालवायचा. त्या केंद्राने कुजबुज सोडली की म्योल्डर्सला हिमलरच्या लोकांनीच संपवलं. त्यापाठोपाठ पत्र आलं. ब्रिटिश विमानांनी ते टाकलं, पण जर्मन विमानदलाच्याच संदेशाच्या फॉर्मसारख्या कागदावर, जणू म्योल्डर्सच्या सहकाऱ्यांनीच ते चोरून वाटलंय. युद्धानंतर, 1962 मध्ये डेल्मरने आपल्या आठवणींत हे सगळं छापून टाकलं.

लोकांनी ते खरं का मानलं, हा प्रश्न मला पत्राच्या मजकुरापेक्षा महत्त्वाचा वाटतो. 1941 च्या जुलै-ऑगस्टमध्ये म्युन्स्टरचे बिशप फोन गालेन यांनी मठांच्या जप्तीविरुद्ध आणि मनोरुग्णांच्या हत्येविरुद्ध उघड प्रवचनं केली होती. त्यांच्या प्रती लोक आधीच चोरून उतरवत होते. म्हणजे वाटा तयार होत्या, हातांना सवय होती. म्योल्डर्स धर्म पाळणारा होता हे खोटं नव्हतं. त्याच सप्टेंबरमध्ये त्याने चर्चच्या विधीने लग्न केलं होतं. बनावट कागद टिकतो तो असा, चार खऱ्या गोष्टींच्या मध्ये बसून. आणि सरकारने 'हे बनावट आहे' असं सांगितलं, जे या वेळी खरं होतं, तेव्हा ऐकतो कोण? ज्या सरकारने कॅथलिकांचे मठ बळकावले, त्याचा शब्द चर्चच्या बाकावर बसलेला माणूस कशाला मानेल?

मग या पत्राचं संशोधकाने करायचं काय? पुष्कळ जण म्हणतील, खोटं ना, मग फेका. तसं करू नका. म्योल्डर्सच्या मनात काय होतं, या प्रश्नासाठी ते शून्य किमतीचं आहे. पण ब्रिटिश प्रचार कसा चाले, या प्रश्नासाठी ते अस्सल प्राथमिक साधन आहे. आणि तिसरा प्रश्न घेतला, की 1942 च्या हिवाळ्यात जर्मन कॅथलिकांना काय ऐकायची आस होती, तर घरी बसून, पकडलं जाण्याची जोखीम घेऊन कुणीतरी हाताने उतरवलेली एकेक प्रत अनमोल आहे. कागद तोच, प्रश्न बदलला की त्याची किंमत बदलते. प्रपोजल लिहिताना 'माझी साधनं अशी अशी' एवढ्यावर थांबू नका, कोणत्या प्रश्नासाठी कोणतं, ते लिहा. मुलाखतीत तेच विचारतात.

हीच कसोटी दुसऱ्या बाजूलाही लावा. 1941 मध्ये जर्मनीत फ्रित्स फोन फोरेलचं 'म्योल्डर्स आणि त्याची माणसं' हे पुस्तक निघालं. त्यातला हसरा, साधा, शूर कमोडोर हाही घडवलेलाच होता, फक्त कारखाना बर्लिनचा. दोन प्रचारयंत्रणांनी एकाच माणसाचे दोन पुतळे केले, आणि युद्धानंतर पश्चिम जर्मनीने त्यातले सोयीचे तुकडे जोडून तिसरा केला: उत्तम सैनिक, श्रद्धाळू ख्रिस्ती, मनातून नाझी नसलेला. 1969 मध्ये नौदलाची एक विनाशिका 'म्योल्डर्स' नावाने सेवेत आली, 1973 मध्ये नॉयबुर्गच्या यागडगेश्वाडर 74 ला ते नाव मिळालं.

एप्रिल 1998 मध्ये जर्मन संसदेने ठराव केला की लेजिओन कोंडोरमधल्या लोकांचा असा सन्मान होऊ नये. 2004 मध्ये पोट्सडामच्या लष्करी इतिहास संशोधन संस्थेने म्योल्डर्सवर अहवाल दिला. तो राजवटीपासून दूर गेल्याचा पुरावा त्यांना दिसला नाही. 2005 मध्ये संरक्षणमंत्री पेटर श्ट्रुक यांनी दलाचं नाव काढलं. माजी अधिकारी चिडले. गेर्निकाच्या वेळी तो स्पेनमध्ये नव्हता, त्याने चर्चमध्ये लग्न केलं, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण संसदेचा ठराव गेर्निकाच्या एका दिवसाबद्दल नव्हताच, तुकडीबद्दल होता; आणि चर्चमधल्या लग्नातून राजवटीला विरोध सिद्ध होत नाही, तेव्हा लाखो लोक चर्चमध्येच लग्न करत होते. माझ्या मते नाव काढणं बरोबर होतं. तो गुन्हेगार होता म्हणून नव्हे. सैनिकी तळाला नाव देणं म्हणजे 'असे व्हा' असं सांगणं असतं, आणि हिटलरच्या युद्धात त्याने जे इतकं चांगलं केलं, त्याबद्दल लोकशाही देशाच्या तरुण वैमानिकाला 'असे व्हा' म्हणता येत नाही. तुम्हाला हे पटायलाच हवं असं नाही. वाद घालायचा असेल तर कॉमेंटमध्ये घाला, पण तारखांसकट.

नॉयबुर्गच्या वैमानिकांच्या गणवेशावरून ते नाव गेलं. विनाशिका 2003 मध्ये निवृत्त झाली आणि आता विल्हेल्म्सहाफेनच्या नौदल संग्रहालयात उभी आहे. तिचं नाव अजूनही 'म्योल्डर्स'च आहे; तिकीट काढून आत जाता येतं.