ॲक्सल, पुढील : डोंगरवाटेच्या वाहनांतील बदल व निवड

चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणाऱ्या वाहनाच्या पुढील बाजूस, अंगावर वाहनाचा निम्मा भार घेऊन त्याच वेळी चाके फिरविणे व वळविणे अशी दोन्ही कामे करणारी जी पोलादी यंत्ररचना असते, तिला पुढील ॲक्सल म्हणतात. मोठे टायर, खडकाळ वाटा आणि डिफरन्शियलचे कुलूप ह्यांमुळे मूळचा ॲक्सल अपुरा पडू लागला म्हणजे त्याच्या जागी अधिक जाड शाफ्टचा, मोठ्या क्राऊन-पिनियनचा व भक्कम हाउसिंगचा दुसरा ॲक्सल बसविण्याचा विचार मालकाच्या मनात येतो, आणि तो येतो तेव्हा बहुधा नावापासून सुरू होतो, गरजेपासून नव्हे. प्रस्तुत नोंदीत गरजेचा विचार आधी केला आहे.

तत्पूर्वी ही वस्तू पुणे परिसरात किती ओळखीची आहे ते पाहावे. मौजे कोरेगाव भीमा, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, हे गाव भीमेच्या उत्तर तीरावर पुणे–अहिल्यानगर रस्त्यालगत वसले असून ह्या विषयाच्या दृष्टीने त्याची जागा मोठ्या मोक्याची आहे. रस्त्याने थोडे पुढे शिक्रापूरला चाकणचा फाटा फुटतो. त्या चाकणच्या परिसरात महिंद्र कंपनीचा मोटारींचा कारखाना आहे आणि कुरुळी येथे स्पायसर परंपरेचे ॲक्सल व प्रोपेलर शाफ्ट घडविणारा कारखानाही आहे. नगर रस्त्यानेच पुढे गेले असता रांजणगाव गणपतीच्या औद्योगिक वसाहतीत जीप कंपास ही गाडी २०१७ पासून तयार होते आणि रँग्लर ही अस्सल जीप २०२१ पासून सुट्या भागांतून जोडली जाते. रस्त्याच्या शेवटी अहिल्यानगरात लष्करी वाहनांची पारख करणारी संरक्षण खात्याची संशोधन संस्था आहे. पुण्याच्या दुसऱ्या अंगाला, आकुर्डीस मुख्य कचेरी असलेल्या फोर्स मोटर्सची गुरखा ही पुढील व मागील अशा दोन्ही डिफरन्शियलांना कुलपे असलेली गाडी आहे. तेव्हा ॲक्सल ही वस्तू ह्या पंचक्रोशीत ग्रंथांतून शिकावी लागत नाही. कारखान्यात पाळी करून आलेला फिटर चहाच्या टपरीवरसुद्धा त्याविषयी अधिकारवाणीने बोलू शकतो.

अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर ह्याने १९०४ मध्ये युनिव्हर्सल जॉइंटचा व्यवसाय आरंभिला. चार्ल्स डेना ह्याच्या नावाने पुढे ओळखली गेलेली कंपनी तीच होय. दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीपचे ॲक्सल ह्याच घराण्यातील होते, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत विलीसच्या जीपा जोडावयास घेतल्या तेव्हा हे घराणे महाराष्ट्रात आले. तेव्हापासून डेना २५, २७, ३०, ४४, ६० हे आकडे मिस्त्रींच्या तोंडी बसले. हे जुने आकडे केवळ प्रकारांची नावे असून त्यांवरून माप काढता येत नाही, हे ध्यानात न घेतल्याने पुष्कळ गैरसमज होतात. अलीकडच्या रँग्लरमध्ये मात्र आकडा म्हणजेच क्राऊनचा व्यास होय : साध्या प्रकारात सामान्यतः १८६ मिलिमीटरचा आणि रुबिकॉन प्रकारात २१० मिलिमीटरचा पुढील ॲक्सल असतो. डेना ६० चा क्राऊन पावणेदहा इंची, म्हणजे सुमारे २४८ मिलिमीटरचा भरतो.

शाफ्टचे बळ त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हा पदार्थविज्ञानातील नियम येथे सर्वांत उपयोगी पडतो. पोलाद तेच ठेवून ३० मिलिमीटरच्या जागी ३३ मिलिमीटरचा शाफ्ट घातला तर जाडी दशांशानेच वाढते, परंतु पीळ सोसण्याची शक्ती एक तृतीयांशाने वाढते. म्हणूनच मूळचेच हाउसिंग कायम ठेवून उत्तम मिश्रपोलादाचे शाफ्ट, नळ्यांना आतून बाही आणि चाक ज्यावर वळते त्या नकलच्या सांध्यास तिकोनी आधारपट्ट्या एवढ्यावर भागविणे हा उपाय दिसावयास सामान्य असला तरी सर्वांत आधी विचारात घेण्याजोगा आहे.

शाफ्टवर खरोखर किती जोर येतो हे इंजिनावरून ठरविण्याची रीत आहे, आणि ती अर्धीच खरी आहे. इंजिनाचा टॉर्क ४०० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे प्रमाण ४.७, ट्रान्सफर केसच्या लो गिअरचे ४ आणि क्राऊन-पिनियनचे ४.१० असे धरले, तर गुणाकार तीस हजार न्यूटन-मीटरच्या वर जातो; असा आकडा वाचून कोणाचीही छाती दडपेल. परंतु ६०० किलोग्रॅम भार पेलणारे ३३ इंची चाक कोरड्या खडकावर घसरण्यापूर्वी जेमतेम दोन हजार न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क घेऊ शकते, आणि दौंडच्या ऊसपट्ट्यातील ओल्या काळ्या मातीत तर त्याच्याही निम्म्याहून कमी. त्यापलीकडचा टॉर्क निर्माणच होत नाही, चाक गरगरते. म्हणजे ॲक्सलवरील भार इंजिन ठरवीत नाही, तो ठरवितात टायर, वजन आणि जमीन. ज्याची गाडी मुख्यतः शेतरस्त्याच्या चिखलात चालावयाची आहे त्याने डेना ६० ची स्वप्ने पाहण्याचे कारण नाही; त्याचा शत्रू सीलमधून आत शिरणारा गाळ हा आहे. जुन्या जीपच्या व जिप्सीच्या बंद गोलकाच्या नकलमध्ये हे स्पष्ट दिसते : आतले सील गेले की डिफरन्शियलचे तेल गोलकात उतरते, ग्रीस पातळ होते आणि चाकाच्या आतल्या अंगास काळपट ओघळ उतरू लागतात. हा ओघळ दिसताच सील बदलणे हे नवा ॲक्सल घेण्याहून शतपटीने स्वस्त आहे.

सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची गोष्ट निराळी. तेथे हवेत गरगरणारे चाक एकाएकी पायरीवर टेकते, किंवा दोन धोंड्यांच्या बेचक्यात अडकते, आणि घसरण्याची सोय न उरल्याने सारा धक्का शाफ्टला व त्याच्या युनिव्हर्सल जॉइंटमधील क्रॉसला सोसावा लागतो. डिफरन्शियलचे कुलूप लावलेले असेल तर दोन्ही चाकांचा वाटा एकाच शाफ्टवर येऊ शकतो. त्यातही स्टिअरिंग पूर्ण वळविलेले असताना क्रॉसचा कोन वाढून त्याचे बळ घटते. पुढील शाफ्ट मोडण्याचे प्रसंग बहुधा ह्याच अवस्थेत, चालकाने वळलेल्या चाकानिशी ॲक्सिलरेटर दाबला असता, घडतात. पाय आवरता येत असेल तर पुष्कळ पोलाद वाचते.

एवढा विचार करूनही बदल आवश्यक वाटल्यास पहिला प्रश्न असा की डिफरन्शियल कोणत्या अंगास आहे. जुन्या विलीस वंशाच्या जीपांत ते उजवीकडे असते, तर अलीकडच्या रँग्लरमध्ये डावीकडे. ट्रान्सफर केसमधून निघणारा पुढचा शाफ्ट ज्या बाजूस असेल त्याच बाजूस ते असले पाहिजे, अन्यथा स्वस्तात मिळालेला ॲक्सल अंगणात गंजत पडतो. दुसरी गोष्ट, पुढील व मागील क्राऊन-पिनियनचे प्रमाण एकच हवे. मागे ५.३८ आणि पुढे ४.८८ अशी जोडी कठीण जमिनीवर फोर बाय फोरमध्ये चालविली की दोन्ही ॲक्सल एकमेकांशी झगडू लागतात आणि त्या झगड्यात ट्रान्सफर केसचा बळी जातो. ह्याशिवाय रुंदी, पाट्यांच्या बैठकांमधील अंतर, चाकाच्या बोल्टांचे वर्तुळ आणि ब्रेकचा प्रकार हे सारे जमवून घ्यावे लागते. ते खर्चाचे असले तरी अवघड नाही.

पिनियनची उंची हा मुद्दा मात्र दुर्लक्षिला जातो. मागील ॲक्सलसाठी कापलेले दातेच पुढे वापरले तर गाडी पुढे जाताना दात्यांच्या उलट अंगावर जोर येतो, आणि ते अंग दुबळे असते. उलट कापाचे, उंच पिनियनचे डिफरन्शियल घेतल्यास जोर योग्य अंगावर येतो व प्रोपेलर शाफ्टही धोंड्यांपासून वर राहतो. केवळ आकाराने मोठा परंतु खालच्या पिनियनचा ॲक्सल घेण्यापेक्षा मध्यम आकाराचा उंच पिनियनचा घेणे प्रस्तुत लेखकास अधिक शहाणपणाचे वाटते. मोठ्या ॲक्सलबरोबर मोठी डिफरन्शियलची पेटीही येते, ती जमिनीकडे खाली लोंबते, आणि ३३ इंची टायरवर डेना ६० लावणारा पुष्कळदा बळ मिळवून उंची घालवितो. स्प्रिंगच्या खालचे वजन वाढल्याने गाडी रस्त्यावर आदळत चालते, हेही आलेच.

स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीस, उदाहरणार्थ २०१० च्या सीआरडीई थारला किंवा २०२० च्या नव्या थारला, अखंड ॲक्सल बसविणे हे ॲक्सल बदलण्याहून मोठे काम होय : चासीवर नवे आधार, स्टिअरिंगची नवी पेटी आणि नवे दुवे सर्व करावे लागतात. ॲक्सलला बाजूस सरकू न देणाऱ्या आडव्या दांड्याचा व स्टिअरिंगच्या ड्रॅग लिंकचा कोन व लांबी सारखी न राखल्यास खड्ड्यात चाक आपोआप वळते. चाकाचा कॅस्टर कोनही, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकाव, वेल्डिंगपूर्वीच निश्चित करावा. तो फार कमी राहिला तर वळणानंतर स्टिअरिंग सरळ येत नाही, आणि त्याच्या मागे लागून पिनियनचा कोन बिघडवला तर प्रोपेलर शाफ्ट थरथरतो.

जुना ॲक्सल विकत घेताना, मग तो जबलपूरच्या जोंगा ह्या लष्करी गाडीचा लिलावातून आलेला असो वा अपघाती गाडीचा असो, तेल काढून पाहावे. तेलात भुकटीसारखे पोलाद असणे क्षम्य, परंतु बोटास टोचणारी कपची नव्हे. हाउसिंग वाकले आहे काय हे दोन्ही टोकांशी दोरी ताणून पाहता येते. दात्यांची बैठक पारखण्यासाठी जुने मिस्त्री शेंदूर तेलात कालवून क्राऊनच्या तीनचार दात्यांना लावतात आणि हाताने फिरवून ठसा पाहतात : ठसा दात्याच्या मध्यावर उमटला तर काम ठीक, टोकास सरकला तर शिमी बदलून पुन्हा बसवावे लागते. दात्यांमधील ढिलाई साधारणतः ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असावी. सुट्या भागांची उपलब्धी हा निकष कोणत्याही आकड्याइतकाच महत्त्वाचा मानावा. पुण्याच्या नाना पेठेत त्याच दिवशी मिळणारा क्रॉस हा, जहाजाने यावयाच्या अधिक बळकट क्रॉसपेक्षा, रायरेश्वराच्या पायथ्याशी अडकलेल्या माणसास अधिक प्रिय असतो. किंबहुना मोडावयाचेच असेल तर काय मोडावे हे आधी ठरवून, तो भाग स्वस्त व रस्त्याकडेला बदलता येण्याजोगा ठेवण्याची तजवीज जाणते लोक करतात. शाफ्ट अभेद्य केला की तोच धक्का पुढे सरकून क्राऊन-पिनियन किंवा ट्रान्सफर केस गाठतो.

कायद्याची बाजू सोपी नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल वाहनमालकास करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका उचलून धरली. सबब सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या, नोंदणी झालेल्या गाडीचा ॲक्सल बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे व विमा कंपनीस लेखी कळविणे इष्ट होय. केवळ स्पर्धेसाठी बांधलेली गाडी मैदानापर्यंत ट्रेलरवर नेल्यास ही अडचण टळते.

नवे क्राऊन-पिनियन बसविल्यावर पहिली फेरी पंचवीसतीस किलोमीटरांची, मंद गतीची व ओझ्याविना असावी. त्यानंतर हाउसिंग पूर्ण थंड होऊ द्यावे. पहिल्या आठशे किलोमीटरांनंतर डिफरन्शियलचे तेल बदलून, यू-बोल्ट व नकलचे नट पुन्हा आवळून घ्यावेत.