मानवी हक्क : शिफारस आणि बंधन

युरोपीय मानवी हक्क करारावर ४ नोव्हेंबर १९५० रोजी रोम येथे स्वाक्षऱ्या झाल्या. त्यान्वये स्ट्रासबर्गच्या न्यायालयाचा अंतिम निकाल संबंधित राष्ट्रावर बंधनकारक असतो. आपल्याकडे १९९३ च्या कायद्यानुसार राज्य मानवी हक्क आयोग चौकशीअंती शासनाला शिफारस करतो. शासनाने महिनाभरात अभिप्राय कळवायचा. हा फरक शाब्दिक नव्हे, हे नाशिकने अनुभवले आहे. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह दादासाहेब गायकवाडांनी वर्षानुवर्षे नेटाने चालवला, तरी दरवाजे उघडले नाहीत. कायद्याने मागता येईल असा हक्कच हाती नव्हता. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तो १९४७ साली. अस्पृश्यता पाळणे देशभर शिक्षापात्र ठरण्यास १९५५ साल उजाडले.