मोठी पुंगळी, थोडी दारू

दिल्लीत नोकरीनिमित्त चार वर्षे काढलेल्या मराठी माणसाला मावळणकर सभागृह ठाऊक नसेल, असे क्वचितच घडते. ज्यांचे नाव त्या वास्तूला दिले आहे ते गणेश वासुदेव मावळणकर पहिल्या लोकसभेचे सभापती होते, हेही आपण जाणतो. परंतु १९५१ साली स्थापन झालेल्या भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेचे ते आद्य अध्यक्ष होते आणि नेमबाजीची एक अखिल भारतीय स्पर्धा त्यांच्याच नावाने भरविली जाते, याची जाणीव फार थोड्यांना असते. गांधीजींच्या सहवासात वाढलेला, अहमदाबादेत वकिली केलेला हा गृहस्थ बंदुकीच्या खेळाचा पुरस्कर्ता कसा झाला, याचे आम्हांस पूर्वी नवल वाटे. पुढे या खेळाच्या इतिहासात थोडे डोकावल्यावर ते नवल ओसरले. कारण नेमबाजीची सारी विद्या बळ आवरण्याची आहे; आणि याचा उत्तम दाखला म्हणजे मॅग्नम रिव्हॉल्व्हरसाठी सौम्य दारू निवडण्याची कथा होय.

ही कथा मुख्यतः अमेरिकेत घडली. १९३५ साली स्मिथ आणि वेसन या कारखान्याने .३५७ मॅग्नम नावाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. डग्लस वेसन यांच्या या उद्योगास फिलिप शार्प आणि एल्मर कीथ या, स्वहस्ते काडतुसे भरणाऱ्या दोघा नामांकित प्रयोगकर्त्यांच्या अनुभवाचे पाठबळ होते. काडतुसातील गोळी १५८ ग्रेन वजनाची. आपला जुना तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. तेव्हा तोळ्याहून किंचित हलकी अशी ही गोळी सेकंदास सुमारे पंधराशे फूट वेगाने सुटे. त्या काळी हाती धरून झाडावयाच्या शस्त्रांत एवढा वेग अपूर्व होता.

पण गंमत अशी की, ज्यांनी हे शस्त्र हौसेने विकत घेतले त्यांतील पुष्कळांना तो वेग रोजच्या सरावास नकोच होता. कागदी निशाणाला छिद्र पाडावयास एवढे बळ कशाला? हाताला बसणारा धक्का, कानठळ्या बसविणारा आवाज, नळीत साचणारे शिसे आणि खिशाला लागणारी चाट, या सर्वांमुळे नेम सुधारण्याऐवजी बिघडे. जड, भक्कम बांधणीचे रिव्हॉल्व्हर आणि त्यात हलके काडतूस ही जोडी मात्र नेमबाजाला फार मानवते. हात डगमगत नाही आणि डोळा मिटत नाही. म्हणून लोकांनी शस्त्र मॅग्नम ठेवले आणि दारू सौम्य शोधू लागले. तो शोध वाटतो तितका सोपा नव्हता. का, ते समजण्यासाठी आणखी थोडे मागे गेले पाहिजे.

मॅग्नमचे काडतूस स्वतंत्रपणे जन्मलेले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या .३८ स्पेशल या काडतुसाची पितळी पुंगळी सुमारे अष्टमांश इंच लांबवून ते बनविले होते. ही वाढही अधिक दारू मावावी म्हणून नव्हे, तर हे जहाल काडतूस जुन्या, नाजूक रिव्हॉल्व्हरात शिरूच नये म्हणून केलेली. आणि .३८ स्पेशलची मूळ पुंगळी तरी एवढी मोठी का? ती काळ्या दारूच्या हिशेबाने आखलेली होती, म्हणून. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ती पुरातन दारू सुमारे एकवीस ग्रेन भरली की पुंगळी भरून जाई. रिकामी जागा उरतच नसे.

फ्रान्समध्ये व्हिएय् यांनी १८८४ साली निर्धूम दारू सिद्ध केली आणि १८८७ साली आल्फ्रेड नोबेल यांनी आपली बॅलिस्टाइट पुढे आणली. या नव्या दारूंचे सामर्थ्य असे की, काळ्या दारूच्या अल्पशा अंशाने तेच काम होऊ लागले. पुंगळी मात्र जुन्याच मापाची राहिली. नव्या दारूने मोठ्या घरात कोपरा तेवढा व्यापला आणि बाकीचे घर ओस पडले. आमच्या विषयातील बहुतेक अडचणी या ओस जागेतून उद्भवल्या आहेत.

पहिली चूक नवखा माणूस करतो ती अशी: जहाल काडतुसाचीच दारू निम्म्याने घटवली की काडतूस सौम्य होईल, असे त्याला वाटते. तसे होत नाही. मॅग्नमच्या पूर्ण वेगासाठी वापरली जाते ती सावकाश जळणारी दारू. जड गोळीचा अडसर आणि भरपूर दाब असला तरच ती नीट पेटते. ती अल्प घातली तर काही दाणे जळतात, काही तसेच नळीतून बाहेर पडतात, आणि एक गोळी जलद तर दुसरी मंद अशी तऱ्हा होते. कधी तर गोळी नळीतच अडकून बसते. ते ध्यानात न येता दुसरी झाडली गेली तर रिव्हॉल्व्हर फुटून हाताची बोटे जावयाची. म्हणूनच अशा काही दारू ठरल्या प्रमाणाहून घटवू नयेत, अशी ताकीद उत्पादक स्पष्ट शब्दांत देतात. आम्ही कचेरीतली माणसे. आम्हांला हे लगेच पटते. कडक खलित्यातील निम्मे शब्द खोडल्याने तो सौम्य होत नाही. तो निराळाच लिहावा लागतो.

तेव्हा निराळी, लवकर पेटणारी दारू हवी. ती मॅग्नमच्या जन्मापूर्वीच सिद्ध होती. लॅफ्लिन आणि रँड या कंपनीने १८९८ साली 'बुल्सआय' नावाची दारू काढली. ही कंपनी पुढे द्यू पाँ यांच्या ताब्यात गेली. मक्तेदारीविरुद्धच्या खटल्यानंतर १९१२ साली द्यू पाँचे विभाजन झाले आणि ही दारू हर्क्युलिस कंपनीकडे आली. मालक बदलले, नाव तेच राहिले. अल्प दाबातही ती पूर्णपणे जळते, आणि सात हजार ग्रेनांच्या एका पौंडात हजारावर काडतुसे भरून होतात. अमेरिकन नेमबाजांच्या कित्येक पिढ्या तिच्यावरच पोसल्या.

परंतु तिच्या गुणातच तिचा धोका दडलेला आहे. ती इतकी थोडी लागते की, मॅग्नमच्या खोल पुंगळीत चुकून दुप्पट पडली तरी वरून सहज उमगत नाही. शिवाय रिकाम्या जागेत ती इकडेतिकडे सरकते. नळी वर करून मग रोखली तर दारू पेटवणाऱ्या टोपीजवळ असते; खाली करून मग रोखली तर ती गोळीकडे जाते. दोन्ही वेळी वेगात फरक पडतो. ही चंचलता टाळावी तर आखूड .३८ स्पेशलच का वापरू नये? पुष्कळ जण वापरतात. मॅग्नममध्ये ते बिनदिक्कत चालते. पण तसे सतत केल्यास आखूड पुंगळीच्या तोंडापुढे काजळीचे कडे साचते आणि मग लांब काडतूस आत जाताना अडते. म्हणून चोखंदळ नेमबाज लांब पुंगळीतच सौम्य काडतूस भरणे पसंत करतो.

यावर दोन तोडगे निघाले. एक गोळीच्या आकाराचा: सपाट तोंडाची, पुंगळीत खोल बसणारी, १४८ ग्रेनांची 'वॉडकटर' गोळी. ती रिकामी जागा आपल्या अंगाने व्यापते आणि कागदाला स्वच्छ गोल छिद्र पाडते, त्यामुळे गुण मोजताना तंटा होत नाही. तिचा वेग जहाल मॅग्नमच्या जवळजवळ निम्मा असतो. दुसरा तोडगा दारूच्या फुगीरपणाचा. शुल्ट्झे या प्रशियन अधिकाऱ्याने १८६० च्या दशकात लाकडापासून बनविलेली, वजनास हलकी पण जागा व्यापणारी दारू काढली होती. तोच विचार चालू शतकाच्या पहिल्या दशकात 'ट्रेल बॉस' या दारूच्या रूपाने परत आला. तिचे दाणे मध्ये भोक असलेल्या चकतीसारखे असतात. ती पुंगळी बरीचशी भरते आणि दुप्पट पडली तर सहसा ओसंडून चूक स्वतःच जाहीर करते. शंभर वर्षांच्या प्रगतीनंतर माणूस जुन्या काळ्या दारूचा एक गुण नव्याने मिळवू पाहतो, हे आम्हांस फार बोधप्रद वाटते.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून दारूगोळा बनविता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तेव्हा हा इतिहास आपल्याला करण्यासाठी नव्हे, जाणण्यासाठी आहे. काडतुसे भरणारा जाणता माणूस गोळी बसविण्यापूर्वी प्रत्येक पुंगळी दिव्याखाली धरून आत डोकावतो. पन्नास असोत वा पाचशे, एकही न पाहता सोडीत नाही. बदलीच्या गावी रात्री उशिरा आकडे पुन्हा ताडून पाहताना आम्हांस अनेकदा त्या माणसाची आठवण होते. बळ कारखान्यातून विकत मिळते. ते किती आणि कसे खर्चावे हा विवेक मात्र प्रत्येकाला आपल्याच दिव्याखाली बसून मिळवावा लागतो. दादासाहेब मावळणकरांना हा खेळ का भावला असावा, याचे आम्हांपुरते उत्तर आम्हांला त्यातच सापडले.