पोलादी नळ्यांचा वितळजोड आणि फोकर विमाने

यंत्रविद्येचा इतिहास बहुधा आराखडे, एकस्वे आणि कारखान्यांची दप्तरे यांच्या आधारे लिहिला जातो. परंतु ज्या कौशल्याची नोंदच झाली नाही, त्याचा इतिहास कसा लिहावयाचा, हा प्रश्न फोकर विमानांच्या सांगाड्यांकडे पाहताना प्रकर्षाने उपस्थित होतो.

१८८५ मध्ये मानेसमान बंधूंनी बिनसांध्याची पोलादी नळी सिद्ध केली. १८९५ मध्ये ल शातलिए यांनी ऑक्सिजन व अ‍ॅसिटिलीन यांच्या ज्योतीचे तापमान ३,००० अंश सेल्सिअसहून अधिक असते, असे दाखविले. सायकलीच्या नळ्या तोवर सांध्यावर टोपणे बसवून पितळेने झाळल्या जात. या ज्योतीमुळे नळ्यांच्या कडाच वितळवून त्या एकजीव करणे शक्य झाले.

१९१२ मध्ये अँथनी फोकर यांच्या जर्मनीतील कारखान्यात राइनहोल्ड प्लाट्स हे वेल्डर म्हणून रुजू झाले. विमानाच्या नळीची भिंत पातळ असे. उष्णता किंचित वाढली तर भोक पडे, कमी पडली तर सांधा कच्चा राही. थंड होताना सांगाडा वाकडा होण्याचे भयही होतेच. अधिक कार्बनयुक्त पोलाद सांध्याजवळ ठिसूळ होते, म्हणून मऊ पोलादाच्या नळ्या वापरल्या जात. हे तारतम्य नजरेने व हातानेच साधावे लागे.

१९१६ मध्ये मुख्य रचनाकार मार्टिन क्रॉयट्सर यांचा विमान अपघातात मृत्यू झाल्यावर ती जबाबदारी प्लाट्स यांच्याकडे आली. १९१८ च्या जानेवारीत आडलर्सहोफ येथील स्पर्धेत ‘डी-७’ विमानाने बाजी मारली व अल्बाट्रोस या प्रतिस्पर्धी कारखान्यालाही ते बांधण्यास सांगण्यात आले. तेव्हा फोकरकडे उत्पादनाचे पूर्ण आराखडेच नव्हते; तयार विमानावरून मोजमापे घेऊन ते नव्याने करावे लागले आणि दोन्ही कारखान्यांचे सुटे भाग परस्परांस बसेनात. पुढे नोव्हेंबर १९१८ च्या युद्धविराम करारात शरण द्यावयाच्या विमानांत ‘डी-७’ चा नामनिर्देश झाला. ज्याचे पूर्ण आराखडे नव्हते, त्या यंत्राची नोंद शत्रूच्या करारात झाली!

या विमानांच्या रचनेचे श्रेय प्लाट्स यांचे किती व फोकर यांचे किती, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. आराखड्यांच्या अभावी त्याचा निर्णय कठीण होतो, हे खरे. तथापि तो अभाव म्हणजे केवळ पुराव्यातील उणीव नव्हे. ज्ञान कारागिराच्या हातात वसत होते, याचा तोच एक पुरावा होय. कागद नसेल तेथे अभ्यासकाने सांधा वाचावयास शिकले पाहिजे.