धरणाच्या नदीतून माशाचं पिल्लू खाली कसं जातं? समजून घ्या सोप्या भाषेत

लहानपणी आमच्या श्रीरामपूर भागात पाटाचं आवर्तन बंद झालं की चारीच्या डबक्यांत बोटभर मासे तडफडताना दिसायचे. आम्ही हातानेच धरायचो. नदीतले मासे इथे कसे आले, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

मासे प्रवास का करतात?

सॅल्मन नदीत जन्मतो, पिल्लू समुद्रात जातं आणि मोठं झाल्यावर अंडी घालायला परत नदीत येतं. आपल्या गोदावरी-कृष्णा खोऱ्यातला महासीर समुद्रात जात नाही, पण पावसाळ्यात तोही अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतो. पिल्लं मग पाण्याबरोबर खाली उतरतात.

वाटेत काय काय आडवं येतं?

प्रवरा नदीच बघा. वर भंडारदरा (१९२६), मग निळवंडे, पुढे ओझरचा बंधारा आणि प्रवरासंगमला जायकवाडीचा फुगवटा. अशा नदीत पिल्लाचं नशीब चार गोष्टींवर ठरतं:

१. प्रवाह: पिल्लू पोहतं कमी, वाहत जास्त जातं. जलाशयात पाणी संथ असतं, त्यामुळे प्रवास लांबतो. पावसाळा संपल्यावर तर आपल्याकडे नदी कधी वाहणार हे आवर्तनच ठरवतं.

२. तापमान: पाणी फार तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, मासा थकतो.

३. शिकारी: संथ पाण्यात मोठे मासे आणि पाणकावळे टपलेलेच असतात.

४. दार: सांडवा, वीजघराची टर्बाइन की पाट? टर्बाइनमध्ये पाण्याचा दाब झटक्यात कमी होतो आणि माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुटू शकते. ओझरला तर नदीचं पाणी दोन्ही बाजूंच्या कालव्यांत वळतं. पिल्लू त्यात शिरलं की थेट शेतात!

हे कळतं कसं?

अमेरिकेत कोलंबिया नदीवर सॅल्मनच्या पिल्लांच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढी पिट टॅग नावाची चिप बसवतात. तिला बॅटरी नसते. धरणाजवळच्या अँटेनापासून मासा गेला की चिप आपला नंबर सांगते. टोलनाक्यावरचा फास्टॅग आठवा, तत्त्व तेच. कोणता मासा कुठे, किती वाजता दिसला, ही नोंद आपोआप होते. पुढच्या अँटेनावर किती नंबर लागले, यावरून किती पिल्लं वाचली याचा अंदाज बांधतात.

उपाय काय?

अनेकांना वाटतं, मासे-शिडी बांधली की झालं. पण शिडी मुख्यतः वर चढणाऱ्या मोठ्या माशांसाठी असते. खाली येणाऱ्या पिल्लांना लागतं वेळेवर सांडव्यातून सोडलेलं पाणी, टर्बाइन चुकवणारी बगल-वाट आणि कालव्याच्या तोंडाशी बारीक जाळी.

आता धरणाचे दरवाजे उघडल्याची रील दिसली की मी आधी बघतो, पाणी कुठे सोडलंय, नदीत की पाटात? पिल्लासाठी सगळा फरक तिथेच पडतो.