नागासाकीचे सव्वीस हुतात्मे आणि त्यांचे वारस

इ. स. १५९७ च्या फेब्रुवारी महिन्याची ५ वी तारीख. जपानमधील नागासाकी बंदरानजीक निशिझाका नांवाची टेकडी आहे. त्या दिवशीं या टेकडीवर सव्वीस क्रूस ओळीनें मांडलेले होते. ऐन हिवाळ्यांत सुमारें महिनाभर चालवीत आणलेल्या सव्वीस कैद्यांना त्यांवर लोखंडी कड्यांनीं व दोरांनीं जखडण्यांत आलें. क्रूस उभे करण्यांत आले. आणि भालेकऱ्यांनीं त्यांचीं शरीरें विंधलीं. त्यांच्यापैकीं वीस जण जपानी, चार स्पॅनिश आणि एक मेक्सिकोंत जन्मलेला होता. उरलेला एक कोंकणांतील वसईचा होता. त्याचें नांव गोन्सालो गार्सिया.

वसई इ. स. १५३४ मध्यें गुजराथच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांच्या हातीं गेली. त्यानंतर सुमारें वीस-बावीस वर्षांनीं गोन्सालोचा तेथें जन्म झाला. बाप पोर्तुगीज, आई त्याच मुलखांतली. जेजुइट पाद्रींच्या शाळेंत तो शिकला आणि कोवळ्या वयांतच एका पाद्रीबरोबर जपानला गेला. तेथें त्यानें ती अवघड भाषा आत्मसात केली आणि कित्येक वर्षें धर्मशिक्षकाचें काम केलें. जेजुइट संघांत प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा मात्र सफळ झाली नाहीं. कांहीं काळ त्यानें व्यापार केला. शेवटीं मनिला येथें फ्रान्सिस्कन संघानें त्याला साधा बंधु म्हणून पदरांत घेतलें. इ. स. १५९३ मध्यें फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरानें पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूला जपानकडे वकील म्हणून धाडलें, तेव्हां त्याचा दुभाषी म्हणून गोन्सालो पुनः जपानच्या किनाऱ्यावर उतरला. जपानचा सर्वाधिकारी तोयोतोमी हिदेयोशी याच्यासमोर स्पॅनिश वकिलाचे शब्द जपानींत उभे करण्याचें काम या वसईकराकडे आलें.

हिदेयोशीनें इ. स. १५८७ मध्येंच ख्रिस्ती धर्मोपदेशकांना देश सोडण्याचा हुकूम फर्माविला होता. पण परदेशी व्यापाराच्या लोभानें त्यानें त्याची अंमलबजावणी सैल ठेविली होती. फ्रान्सिस्कनांना राजधानी मियाको, म्हणजे आजचें क्योतो, येथें राहण्याची मुभा मिळाली. तेथें त्यांनीं मंदिर उभारलें आणि महारोग्यांची शुश्रूषा आरंभिली. इ. स. १५९६ च्या आक्टोबरांत 'सान फेलिपे' नांवाचें मालानें भरलेलें स्पॅनिश गलबत वादळांत सांपडून तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागलें. त्यावरील माल हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनीं जप्त केला. या वेळीं गलबताच्या सुकाणूदारानें स्पेनच्या राजाच्या सत्तेचा डौल मिरवीत, प्रथम धर्मोपदेशक जातात व मागाहून सैन्य येतें, अशा अर्थाचे उद्गार काढले, असें सांगतात. ते उद्गार निघाले असोत वा नसोत, हिदेयोशीच्या मनांतील जुन्या संशयाला निमित्त मिळालें, आणि धरपकड सुरू झाली.

येथें एक गोष्ट निःपक्षपातानें सांगितली पाहिजे. हिदेयोशीची भीति अगदींच निराधार नव्हती. ज्या वसईंत गोन्सालो वाढला, तेथेंच तलवार आणि क्रूस हातांत हात घालून आलेले होते. गोव्यांत इ. स. १५६० पासून 'इन्क्विझिशन'चें धर्मन्यायालय बसलें होतें. गोन्सालोच्या धर्माच्या नांवानें एका किनाऱ्यावर छळ चालला असतां, दुसऱ्या किनाऱ्यावर त्याच धर्माच्या नांवासाठीं तो स्वतः छळाचा बळी झाला. सत्तेच्या हातीं धर्म गेला म्हणजे तो छळतो, आणि सत्तेला धर्माची धास्ती वाटली म्हणजे ती छळते. या दोहोंच्या कैचींत सांपडतो तो निःशस्त्र मनुष्य. त्या सव्विसांपैकीं एकाच्याही हातीं शस्त्र नव्हतें. कोणी धर्मगुरु, कोणी धर्मशिक्षक, कोणी सुतार, कोणी रुग्णसेवक. तिघे तर बारा ते चौदा वर्षांचीं पोरें होतीं.

मियाकोंत त्यांच्या डाव्या कानाचे तुकडे कापले गेले, आणि गाड्यांत घालून त्यांची धिंड काढण्यांत आली. मग नागासाकीची वाट. वाटेंत तोमास कोझाकी या चौदा वर्षांच्या मुलानें आपल्या आईला निरोपाचें पत्र लिहिलें. तें पत्र तिला पाठविण्याचें साधले नाहीं. त्याच्याबरोबरच क्रूसावर गेलेला त्याचा बाप मिगेल, याच्या अंगावरील वस्त्रांत तें मागाहून सांपडलें. पाउलो मिकी हा सामुराई कुळांतला तरुण जेजुइट होता. क्रूसावरून त्यानें जमलेल्या लोकांना अखेरचा उपदेश केला, आणि आपल्याला मारणाऱ्यांना आपण क्षमा करीत आहों असें जाहीर केलें.

या वधानें धर्म बुडाला नाहीं, पण छळही थांबला नाहीं. इ. स. १५९८ मध्यें हिदेयोशी वारला. पुढें तोकुगावा घराण्याच्या राजवटींत इ. स. १६१४ मध्यें साऱ्या देशांत ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. इ. स. १६२२ मध्यें त्याच टेकडीवर पन्नासांहून अधिक माणसें एका दिवसांत जाळून व शिरच्छेद करून मारण्यांत आलीं. येशूची वा मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवून लोकांना तिच्यावर पाय देण्यास लावीत. जो कचरेल तो ख्रिस्ती ठरे. प्रत्येक कुटुंबाला कोणत्या तरी बौद्ध मंदिराच्या वहींत नांव नोंदवावें लागे. इ. स. १६३७-३८ चें शिमाबाराचें बंड मोडून काढल्यावर देशाचीं दारें पोर्तुगीजांना कायमचीं बंद झालीं. एकही धर्मगुरु उरला नाहीं.

पुष्कळांनीं प्राण दिले. परंतु त्यांहून पुष्कळांनीं प्रतिमेवर पाय दिला. घरीं येऊन त्यांनीं पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली, आणि दुसऱ्या वर्षीं पुनः पाय दिला. इतिहास अशांना हुतात्मे म्हणत नाहीं. तथापि खेड्यापाड्यांतील याच शेतकऱ्यांनीं व कोळ्यांनीं एक आश्चर्य घडविलें. त्यांनीं गुप्तपणें आपल्यांतूनच बाप्तिस्मा देणारा नेमला, सणवारांचें पंचांग राखणारा नेमला, आणि कान्नोन देवीच्या मूर्तींत मरियेला पाहिलें. शब्दांचे अर्थ झिजून गेले, तरी प्रार्थना आजीकडून नातवाकडे येत राहिली. अशा सात पिढ्या गेल्या.

इ. स. १८६२ मध्यें पोप नववे पायस यांनीं त्या सव्वीस जणांना संतपद दिलें. भारतांत जन्मलेल्यांपैकीं हें पद प्रथम गोन्सालो गार्सियाला मिळालें. थोड्याच दिवसांत नागासाकींतील ओउरा भागांत परदेशी व्यापाऱ्यांसाठीं या सव्विसांच्या नांवानें एक मंदिर बांधलें गेलें. इ. स. १८६५ च्या मार्च महिन्याच्या १७ व्या तारखेस तेथें उराकामी गांवचीं दहा-पंधरा माणसें आलीं. त्यांच्यांतील एका स्त्रीनें पेतिजाँ या फ्रेंच धर्मगुरूच्या कानांत हळूच सांगितलें कीं, आम्हां साऱ्यांचें हृदय तुमच्यासारखेंच आहे. आणि मरियेची मूर्ति कोठें आहे, असें विचारलें. अडीचशें वर्षांचें मौन त्या दिवशीं सुटलें.

पण बंदी उठलेली नव्हती. उराकामीकरांनीं आपल्या मृतांचे विधि बौद्ध भिक्षूंकडून करविण्याचें नाकारतांच इ. स. १८६७ मध्यें अटका झाल्या. पुढच्या वर्षीं आलेल्या मेइजी सरकारनेंही तेंच धोरण चालविलें. सुमारें ३,४०० माणसें बायकामुलांसह निरनिराळ्या प्रांतांत हद्दपार झालीं. त्यांपैकीं ६०० हून अधिक भुकेनें, थंडीनें व यातनांनीं दगावलीं. ज्यांचे पूर्वज वर्षानुवर्षें प्रतिमेवर पाय देत आले होते, तेच आतां मागें हटेनात. युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर गेलेल्या जपानी शिष्टमंडळाला जागोजागीं या छळाबद्दल बोल ऐकावे लागले. अखेर इ. स. १८७३ मध्यें बंदीचे फलक रस्त्यांवरून उतरविण्यांत आले आणि उरलेलीं माणसें आपल्या उजाड घरांकडे परतलीं.

निशिझाकाच्या टेकडीवर आज त्या सव्वीस जणांचें स्मारक उभें आहे, आणि वसईंत एक महाविद्यालय गोन्सालोचें नांव चालवीत आहे. हुतात्म्यांची स्मृति अशी दगडांत कोरतां येते. परंतु ज्यांनीं वांकून, लपून, स्वतःची लाज गिळून ती स्मृति सात पिढ्या तोंडीं जपली, त्यांचीं नांवें कोठेंच कोरलेलीं नाहींत. पहिल्यांनीं श्रद्धेसाठीं मरावें कसें हें दाखविलें. दुसऱ्यांनीं ती जगवावी कशी हें दाखविलें. यांपैकीं एकाचा इतिहास दुसऱ्यावांचून पुरा होत नाहीं.