अहवाल, युद्धवार्ता आणि एक जीप

कोरियाचे युद्ध म्हटले की मराठी वाचकाला आठवतात ते जनरल शंकरराव थोरात आणि त्यांनी सांभाळलेले युद्धकैदी. पण ती १९५३ची, म्हणजे शेवटाकडची गोष्ट. युद्ध पेटले तेव्हा भारताची एकही तुकडी तेथे नव्हती. तरी भारताला आपले मत द्यायचे होते, तेही इतरांनी पाठवलेल्या अहवालांच्या भरवशावर.

२५ जून १९५०. हल्ला दक्षिणेने केला, असे उत्तर कोरिया सांगत होता. दक्षिण कोरिया उत्तरेकडे बोट दाखवत होता. त्या महिन्यात सुरक्षा परिषदेचे अध्यक्ष भारताचे सर बेनेगल राव होते. भारताच्या भूमिकेला मोठा आधार झाला तो पीच आणि रँकिन या दोन ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्यांच्या अहवालाचा. संयुक्त राष्ट्रांच्या कोरिया आयोगासाठी त्यांनी दोन आठवडे ३८व्या अक्षांशालगतची ठाणी पाहिली होती. युद्धाच्या आदल्याच दिवशी त्यांनी लिहून दिले की, दक्षिणेचे सैन्य निव्वळ बचावासाठी मांडलेले आहे. त्याच्याकडे रणगाडे नाहीत, विमानांची साथ नाही, जड तोफा नाहीत.

या अहवालाची एक बाजू लंगडी होती. उत्तरेत आयोगाला प्रवेशच नव्हता. त्यामुळे हल्ला कोणी केला हे त्यात नाही. कोणाची तेवढी तयारी नव्हती, एवढेच आहे. मला तो विश्वासार्ह वाटतो तो यामुळेच. २७ जूनच्या मतदानात दिल्लीचा आदेश हाती नसल्याने राव यांनी भाग घेतला नाही. दोन दिवसांनी भारताने तो ठराव मान्य केला.

दरम्यान २८ जूनला सेऊल पडले. आयोगालाही तेथून हलावे लागले. रोजची अधिकृत युद्धवार्ता आता टोकियोहून, मॅकआर्थर यांच्या मुख्यालयातून निघे. आघाडी मात्र भराभर मागे सरकत होती. टोकियोत बसून तिचा ठाव कसा लागणार? डिसेंबरपर्यंत बातम्यांवर सक्तीची सेन्सॉरशिप नव्हती, त्यामुळे बातमीदार थेट आघाडीवर जात.

आयोगावरचे भारताचे पर्यायी प्रतिनिधी कर्नल उन्नी नायर हे मूळचे पत्रकार, पुढे सैन्याचे जनसंपर्क अधिकारी. त्यांनाही कागदावर भागले नसावे. १२ ऑगस्टला वेग्वानजवळ त्यांची जीप सुरुंगावर गेली. सोबत 'टाइम्स'चे इयन मॉरिसन आणि 'डेली टेलिग्राफ'चे ख्रिस्तोफर बकली होते. तिघेही दगावले. नायर तेव्हा ३९ वर्षांचे होते. त्यांचे स्मारक दैगू शहरात आहे.